घोड्याला चारा कोण घालणार?

“सर, ओपन सोर्समध्ये काँट्रिब्यूट करायचंय. कोणती लँग्वेज शिकू?”

कॉलेजं सुरू झाली की हा प्रश्न येतोच. पुण्यातून येतो, सांगलीतून येतो, नांदेडहून येतो. विचारणाऱ्याच्या मनात यादी तयार असते. पायथन की रस्ट? गो की जावास्क्रिप्ट? आणि यादीच्या मागे खरा प्रश्न उभा असतो: पॅकेज कशात जास्त?

माझं उत्तर एकच आहे, ते आज छापूनच टाकतो. लँग्वेज निवडू नका. काम निवडा. लँग्वेज त्या कामाच्या दारावर लिहिलेली असते.

श्रमदानाला निघालेला माणूस फावडं घ्यायचं की टिकाव हे घरी बसून ठरवत नाही. तो बांधावर जातो, माती बघतो. मुरूम लागला तर टिकाव, भुसभुशीत असेल तर फावडं, आणि दोन्हीला माणसं असतील तर मुकाट घमेलं उचलतो. कोणत्या अवजाराला बाजारात भाव आहे, हे तिथे कुणी विचारत नाही.

आपल्या रोजच्या वापरातलंच उदाहरण घ्या: मराठी विकिपीडिया. तो ज्यावर चालतो ते मीडियाविकी सॉफ्टवेअर पीएचपीमध्ये लिहिलेलं आहे. लेखाच्या उजवीकडे दिसणारी माहितीचौकट तयार करणारे अवघड साचे २०१३ पासून लुआ भाषेत लिहिता येतात. त्याआधी विकीच्या स्वतःच्या खुणांमध्येच महिरपी कंसांची रास रचून ते लिहावे लागत, पान उघडायला वेळ लागे आणि साचा दुरुस्त करणाऱ्याचे डोळे दुखत. लुआ १९९३ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मली. आज तीच मराठी लेखातली जन्मतारीख आणि वय मांडू शकते. संपादकांना मदत करणारी छोटी साधनं जावास्क्रिप्टमध्ये असतात. शेकडो लेखांतली एकच चूक एका झटक्यात सुधारणारे सांगकामे बहुधा पायथनमध्ये लिहिले जातात.

एकच संकेतस्थळ, चार दारं, चार भाषा. यातली ‘चांगली’ कोणती? प्रश्नालाच अर्थ नाही. माहितीचौकटीत चूक असेल तर लुआच्या दाराने जावं लागेल, मग तुम्हाला पायथन कितीही आवडो. आणि लेखातच चूक असेल तर यातलं काहीच लागत नाही. मराठी लागतं.

पीएचपीचं नाव काढलं की नाक मुरडणारी मुलं मी पाहतो. त्यांना एवढंच सांगतो: तुम्ही शाळेच्या प्रकल्पासाठी जे पान उघडलंत ते पीएचपीनेच तुमच्यासमोर आणून ठेवलं होतं. नाक मुरडण्यापूर्वी त्या कोडमधला एक बग सोडवून दाखवा.

*

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छोट्या मुक्त प्रकल्पात मी एक जुनी पर्ल स्क्रिप्ट पाहिली. वाचवत नव्हती. मी दोन रविवार बसून ती अख्खी पायथनमध्ये नव्याने लिहिली, तपासली आणि पाठवली. माझ्या मते ती जुन्यापेक्षा सरस होती. प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर दोन ओळींचं होतं. आभार मानले होते आणि विचारलं होतं, पुढच्या वर्षी हे मोडलं तर कोण बघणार?

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पुढच्या वर्षी तिथे असण्याचा माझा विचारच नव्हता. त्या प्रकल्पात तिघं काम करत होते, तिघांनाही पर्ल येत होती, पायथन एकालाही नीट येत नव्हती. मी त्यांना मदत पाठवली नव्हती, एक नवी जबाबदारी पाठवली होती. पॅच परत आला. योग्यच झालं.

आपल्याकडे याला नेमकी म्हण आहे. घरचं झालं थोडं, अन् व्याह्याने धाडलं घोडं. घोडं देखणं असेल, जातिवंत असेल. पण दाणा-चारा कोण घालणार, खरारा कोण करणार, आजारी पडलं तर वैद्याकडे कोण नेणार? ओपन सोर्समध्ये नवी भाषा आणणं म्हणजे हे घोडं धाडणं आहे. कोड एकदा लिहिला जातो, सांभाळावा मात्र वर्षानुवर्षं लागतो. म्हणून भाषेचा निर्णय लिहिणाऱ्याच्या आवडीचा नाही, तो सांभाळणाऱ्याच्या हाताचा आहे.

*

हे फक्त लहान प्रकल्पात घडतं असं वाटत असेल तर कर्लकडे बघा. इंटरनेटवरून मजकूर आणणारं-नेणारं हे साधन फोनपासून मोटारीपर्यंत सगळीकडे आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ते नव्वदच्या दशकापासून सांभाळताहेत, सी भाषेत. २०२० मध्ये कर्लच्या एका महत्त्वाच्या भागासाठी रस्टमध्ये लिहिलेली हायपर ही लायब्ररी वापरून बघायचं ठरलं. हेतू नेक होता, सुरक्षितता वाढवण्याचा. कामासाठी पैसाही उभा राहिला होता. काम बरंच पुढे गेलं. पण शेवटचा टप्पा गाठायला सी आणि रस्ट दोन्ही येणारी आणि या जोडकामात रस असणारी माणसं हवी होती, ती मिळाली नाहीत. वापरणाऱ्यांकडूनही मागणी आली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये स्टेनबर्ग यांनी हा भाग काढून टाकत असल्याचं जाहीर केलं.

भाषा वाईट होती का? नाही. कोड वाईट होता का? तेही नाही. चारा घालणारे हात नव्हते.

दुसरी बाजूही पाहू. पायथनमध्ये कूटलेखनासाठी जी क्रिप्टोग्राफी नावाची लायब्ररी सर्रास वापरली जाते, तिच्या मेंटेनरांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये आतला काही भाग रस्टमध्ये आणला. एका सकाळी जगभरातल्या अनेकांची बिल्ड बंद पडली, कारण त्यांच्या यंत्रणेवर रस्टचा कंपायलरच नव्हता. अल्पाइन लिनक्स वापरणारे अडकले. काही जुन्या, दुर्मीळ प्रोसेसरांवर तर रस्ट चालतच नव्हती. लोक चिडले, आणि फुकट काम करणाऱ्या माणसांवर चिडले.

माझं मत स्पष्ट आहे. पूर्वसूचना अधिक मोठ्याने द्यायला हवी होती, पण निर्णयाचा हक्क त्यांचाच होता. रोज पहाटे उठून घोड्याला चारा तेच घालत होते. फुकट रपेट मारणाऱ्याने घोड्याचा रंग ठरवू नये.

*

रस्टचा आग्रह म्हणजे निव्वळ फॅशन, असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. एप्रिल २०१४ मध्ये कूटलेखनाच्या ओपनएसएसएल या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक उघड झाली. सीमध्ये लिहिलेल्या कोडमध्ये एका ठिकाणी लांबी तपासायची राहिली होती. त्या एका तपासणीअभावी जगभरच्या सर्व्हरांच्या मेमरीतून पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेर वाचता येत होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की आपल्या उत्पादनांतल्या सुरक्षाविषयक चुकांपैकी सुमारे ७० टक्के चुका मेमरी हाताळण्याच्या आहेत. क्रोमच्या लोकांनी पुढच्या वर्षी जवळपास तोच आकडा दिला. सी लिहिणारी माणसं अडाणी नव्हती. कित्येक जण तर वर्षानुवर्षं मुरलेले होते. माणूस कितीही मुरलेला असला तरी रात्री दोन वाजता चुकतो. ही चूक रस्टसारख्या भाषेच्या कंपायलरने आधीच पकडावी, हा विचार शंभर टक्के बरोबर आहे.

पण अँड्रॉइडने काय केलं ते नीट वाचा. २०१९ मध्ये तिथल्या सुरक्षाविषयक चुकांपैकी ७६ टक्के मेमरीच्या होत्या. २०२४ पर्यंत ते प्रमाण २४ टक्क्यांवर आलं. जुना सगळा कोड फेकून देऊन हे घडलेलं नाही. नवा कोड सुरक्षित भाषांत लिहायचा आणि जुना जागच्या जागी मुरू द्यायचा, एवढ्याने घडलं. ‘सगळं रस्टमध्ये पुन्हा लिहा’ असं इश्यू टाकून निघून जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

लिनक्सचं उदाहरण तर सगळ्यांत मोठं. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेला हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सीमध्ये आहे. २००७ मध्ये, त्यानेच सुरू केलेलं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट सी++ मध्ये का नाही, असं कुणीतरी विचारलं तेव्हा त्याच टोरवाल्ड्सने सी++ ची अशी खरडपट्टी काढली होती की आजही लोक ती शोधून वाचतात. अशा माणसाच्या घरात दुसरी भाषा शिरणं सोपं नव्हतं. तरी डिसेंबर २०२२ मध्ये, ६.१ या आवृत्तीत, रस्टला कर्नलमध्ये जागा मिळाली, प्रयोग म्हणून. भांडणं झाली. काही जुन्या मेंटेनरांना दोन भाषांचा कर्नल सांभाळणं अशक्य वाटत होतं, आणि त्यांची भीती खरी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये टोरवाल्ड्सने तोडगा काढला. ज्याला रस्टला हात लावायचा नाही त्याने लावू नये, पण त्याच्या भागाचा उपयोग दुसऱ्याने रस्टमधून कसा करावा, हे त्याने ठरवू नये. त्याच वर्षाच्या अखेरीस मेंटेनरांच्या बैठकीत प्रयोगाचा शिक्काही निघाला.

हे जमलं कारण रस्ट आणणारी माणसं पॅच टाकून पळाली नाहीत. शिव्या खात, कोड पुन्हा पुन्हा लिहीत, वर्षानुवर्षं तिथेच राहिली. घोड्याबरोबर चाराही आणला, आणि मोतद्दारही तेच झाले.

अख्खं घर बदलायचं असेल तर टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या फिश शेलसारखं बदलावं. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या मुख्य लोकांनीच प्रस्ताव मांडला की सी++ सोडू आणि रस्टकडे जाऊ. कारणांत एक कारण अगदी माणसांचं होतं: पुढे सी++ मध्ये हौसेने काम करायला कोण येणार? त्यांनी एकेक फाइल बदलली, शेल सगळा वेळ चालू ठेवला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.० आवृत्ती आली. घरच्यांनी ठरवलं, घरच्यांनी केलं, दोन वर्षं लागली. भाषा माणसं आणते हेही खरं. पण कोणती माणसं हवीत हे घरातले ठरवतात.

*

मग विद्यार्थ्याने काय करायचं?

गिटची कहाणी ऐका. एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला सुरुवात झाली तेव्हा त्यातल्या कित्येक आज्ञा शेल आणि पर्लच्या स्क्रिप्टा होत्या. पटकन लिहून झाल्या, पण चालायला हळू होत्या, विंडोजवर तर फारच हळू. त्या सीमध्ये आणायचं काम वर्षानुवर्षं चाललं, आणि त्यातलं बरंचसं विद्यार्थ्यांनी केलं. २०१८ च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये ‘रिबेस’ आणि ‘स्टॅश’ या रोज लागणाऱ्या आज्ञा सीमध्ये आणायचं काम विद्यार्थ्यांनीच उचललं. आधी जुनी शेल स्क्रिप्ट ओळ न ओळ समजून घ्यायची, मग तेच वागणं सीमध्ये उतरवायचं, मग रिव्ह्यूमध्ये दहा वेळा परत येणारा पॅच अकराव्यांदा पाठवायचा. तुम्ही आज ‘गिट रिबेस’ म्हणता तेव्हा त्यांच्या घामावर चालता.

त्यांनी भाषा निवडली का? नाही. त्यांनी गिट निवडलं. भाषा गिटची होती.

याच्या उलट चित्रही आपण जगाला दाखवलंय, आणि त्याची मला मनापासून लाज वाटते. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात चार पुल रिक्वेस्टच्या, म्हणजे ‘माझा बदल स्वीकारा’ अशा विनंत्यांच्या, बदल्यात टी-शर्ट मिळत होता. अनोळखी प्रकल्पांच्या वाचा-मला फाइलमध्ये एखादं विशेषण घुसवलेल्या पुल रिक्वेस्टांचा पूर आला. मेंटेनर हैराण झाले, आणि ३ ऑक्टोबरलाच आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती आहे तिथेच भाग घेता येईल, असं करावं लागलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पावर पुन्हा तेच. शिकवणीच्या व्हिडिओत पाहिलेली कृती गिरवत मुलं आपापली नावं त्या फाइलमध्ये घालून पाठवत होती. त्यात आपल्या देशातली मुलं मोठ्या संख्येने होती.

मी मुलांना दोष देत नाही. दोष देतो तो ‘रेझ्युमेवर एक पीआर दिसू दे’ असं शिकवणाऱ्यांना. प्रत्येक पुल रिक्वेस्टच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस संपवून, पोरांना झोपवून, रात्री अकराला लॅपटॉप उघडणारा एक माणूस असतो. त्याची वीस मिनिटं तुम्ही घेता. ती परत मिळत नाहीत.

*

आता प्रोग्रामिंगच्या बाहेरची एक भाषा. लिबरऑफिस हे सप्टेंबर २०१० मध्ये स्वतंत्र प्रकल्प म्हणून सुरू झालं, पण त्याचं मूळ जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. त्यामुळे त्याच्या सी++ कोडमधल्या असंख्य टिपा जर्मनमध्ये होत्या. बाहेरच्या माणसाला कोड कळायचा, पण तो तसा का लिहिला हे कळायचं नाही. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं बसून त्या टिपा इंग्रजीत आणल्या. एका ओळीचाही कोड न बदलता हे काम झालं, आणि त्यामुळे पुढच्या शेकडो माणसांना आत येता आलं. इथे ‘कोणती लँग्वेज?’ या प्रश्नाचं उत्तर होतं: जर्मन.

तसंच पुष्कळ ठिकाणी उत्तर आहे: मराठी. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये शब्दलेखन तपासणारं हनस्पेल हे मुळात हंगेरियन भाषेसाठी बनलं, कारण एका शब्दाला प्रत्ययांमागून प्रत्यय लावणारी भाषा जुन्या साधनांना झेपत नव्हती. आपलीही तीच कथा आहे. घर, घराला, घरातल्यांनासुद्धा. हे नियम हनस्पेलमध्ये एका साध्या मजकूर-फाइलीत लिहायचे असतात. त्यासाठी सी++ येण्याची गरज नाही, सामान्यरूप कळण्याची आहे. सातवीचं मराठी व्याकरण मनापासून शिकवणाऱ्या बाई हे काम एखाद्या आयआयटीतल्या मुलापेक्षा चांगलं करतील.

म्हणून शेवटी एक काम देतो. आज रात्रीच करा. तुम्ही रोज वापरता त्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दोन शब्द टाइप करा: ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. पहिल्यात रफार डोक्यावर बसायला हवा, दुसऱ्यात आडवा अर्धा र य ला बिलगायला हवा. हा आडवा र मराठीची खूण आहे. मराठी न येणाऱ्याच्या लक्षात तो बिघडलेला सहसा येणार नाही.

बिघडलेला दिसला तर मागावर निघा. फाँट बदलून बघा. दुरुस्त झाला तर चूक फाँटमध्ये आहे, तिथे प्रोग्रामिंगची भाषा लागतच नाही. अक्षरजोडणीचे नियम आणि अक्षरांचे आकार लागतात. सगळ्याच फाँटांत बिघडला, पण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नीट दिसतो? मग चूक त्या सॉफ्टवेअरची. त्याची भाषा रिपॉझिटरीच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे. आणि सगळीकडेच बिघडला असेल तर वाट बहुधा हार्फबझकडे जाईल. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस या सगळ्यांत अक्षरांना अक्षरं जोडून देणारी ती लायब्ररी सी++ मध्ये आहे.

नेमकं काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, कोणती आवृत्ती, कोणता फाँट: एवढं लिहून, स्क्रीनशॉट जोडून इश्यू टाका. मेंटेनर विचारेल त्याला उत्तर द्या. तो विचारेल तेव्हा तिथे असा. पुढच्या महिन्यात असा, पुढच्या वर्षीही असा.

तोवर कोणती लँग्वेज शिकायची हे तुम्हाला विचारावं लागणार नाही. ती शिकून झालेली असेल.